अर्धा गुण

ग्राफच्या कागदावर उभ्या एकोणीस, आडव्या एकोणीस.
अंबय्यामामांनी पट्टी न लावताच ओढल्या.
ताणा-बाणा, म्हणाले, हे तर येतंय मला.
चादरीवरचा मोर चौकोनात बसतो,
इथं सोंगटी गाठीवर बसते, एवढाच फरक.

काळ्याला चिंचोके, पांढऱ्याला शर्टाची बटणं.
माझ्याकडे फक्त आकडे:
रिकामं शून्य, काळा एक, पांढरा दोन.
मामांनी साखर पेठेत चाळीस वर्षं जेकार्डची कार्डं पाडली.
आमचं दोनात भागायचं, म्हणाले,
भोक आहे, भोक नाही.
तू एक आकडा जास्तीचा घेतलास,
आता चुका पण जास्त होणार बघ.

झाल्या.
पहिला आठवडा प्रोग्रॅम स्वतःचेच डोळे बुजवत राहिला.
ज्या दोन रिकाम्या जागांवर अख्खा गट जगतो
त्यातच आपली सोंगटी नेऊन ठेवायचा
आणि शांतपणे मरायचा.
सोसायटीचा चेअरमन केलायस काय त्याला, मामा म्हणाले.

मग 'को'चा नियम लिहायचा राहिला.
रात्री दोन प्रोग्रॅम एकमेकांशी लावून मी झोपले.
ह्यानं एक मारली, त्यानं उलट एक मारली, पुन्हा ह्यानं.
सकाळी अकरा हजार चाली, मशीन तापलेलं,
आणि पटावर रात्रीपासून काहीच घडलेलं नाही.

खेळणं जमलं. मोजणं अडलं.
रिकाम्या जागेत पाणी सोडायचं,
पसरत जाईल तिथले काठ बघायचे.
सगळे काठ काळे, तर तळं काळ्याचं.
कंबर तलावसुद्धा असा मोजून देईन.
पण तळ्याच्या मधोमध एक बटण पडलेलं असतं,
त्याचे तीन श्वास शिल्लक, मी मोजलेत,
आणि तरी दोघांनाही माहीत असतं, ते गेलं.
हे माहीत असणं कुठल्या ओळीत लिहू?

मामांनी शेंगाचटणीचं बोट भाकरीला पुसलं.
खाली चार माग. दोन चालतात.
तिसऱ्यावर जुनी चादर टाकलेली,
चौथ्याचा पट्टा काढून पहिल्याला लावलेला.
ह्यातले मेलेले कुठले, विचार की तुझ्या मशीनला.
मी म्हटलं, मोटर आहे की अजून.
तेच म्हणतोय मी.

मे महिन्यातलं सोलापूर, चव्वेचाळीस.
लाईट गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर,
नऊ बाय नऊचा छोटा पट.
मामा काळा, प्रोग्रॅम पांढरा.
कोपऱ्यात जराशी झोंबाझोंबी झाली
आणि मामा म्हणाले, चालु.

माझी शाळा मराठी, कॉलेज पुण्याला,
घरातलं तेलुगू पार पातळ झालेलं.
मी ऐकलं, खेळ चालू दे.
एंटर दाबत राहिले.
प्रोग्रॅम त्यांच्या हद्दीत उगीच बटणं टाकत सुटला,
मामा उत्तर देईनात,
चिंचोका ओठाला लावून बसलेले.
पाच चालींनी डोक्यात प्रकाश पडला:
पंगतीत वाढपी पुन्हा येतो
तेव्हा ताटावर आडवा हात धरून म्हणतात ते.
चालु. पुरे.

पाची चाली मागे घेतल्या. मामा पास.
प्रोग्रॅमनंही जरा वेळ घेऊन, पास.
मोजलं. पांढरा जिंकला, अर्ध्या गुणानं.
पांढऱ्याला मागून खेळायचं म्हणून
आधीच साडेसहा देऊन ठेवलेले असतात, मी समजावलं.
सहा दिसले, मामा म्हणाले. अर्धा कुठं आहे, दाखव.

मी पटभर बोट फिरवलं.
त्यांनी एक बटण उचलून खिशात टाकलं,
शर्टाचंच होतं ते.

लाईट आली. खाली दोन माग एकदम बोलायला लागले.
जिन्यावरून उतरताना मामा म्हणाले, चालु.
की चालू.
त्या आवाजात मला ऱ्हस्व-दीर्घ ऐकू आलं नाही.